आतला पॅड

"ब्रेक दाबल्यावर ओरडते, की दाबला की गप्प होते?"

गाडी घेऊन आलेल्या माणसाला तो पहिला प्रश्न हाच विचारतो. बहुतेकांना सांगता येत नाही. ओरडते एवढं खरं, असं म्हणून ते खांदे उडवतात. मग तो फडक्याला हात पुसतो, चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसतो आणि म्हणतो, "चला, एक चक्कर मारून येऊ." स्वतः चालवायला बसत नाही. गाडी आपल्या रोजच्या पायाखालीच खरं बोलते, असं त्याचं म्हणणं.

टायरच्या दुकानामागच्या बोळात त्याचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली फरशी, मध्ये गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. आतल्या भिंतीला खिळे ठोकून पाने टांगलेत आणि प्रत्येक पान्यामागे त्याचाच आकार रंगवलाय, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. गेली कित्येक वर्षं तो फक्त ब्रेकचं काम करतो. टॅक्सीवाल्यांनी त्याचं नाव ठेवलंय चिडीचूप. कितीही केकाटणारी गाडी त्याच्या हाताखालून गेली की चिडीचूप होते, हा त्याचा एक अर्थ. हा माणूस स्वतः मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड मिटत नाही, हा दुसरा.

आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नाही. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर झाली आणि पुढे थांबली, तर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, रात्रभरात चढलेला गंज. काही करू नका. हलकासा पाय ठेवला की चीं असा चिरका आवाज, तर ती चकती दाबून धरणाऱ्या पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालाय. घासून द्यावा लागेल. खड्ड्यातून जाताना खडखड, तर पॅड त्याच्या घरात सैल बसलाय. आणि ब्रेकसरशी घर्रर्र असं आलं, तर पॅड संपला, लोखंडावर लोखंड घासतंय. अशा गिऱ्हाइकाला तो सांगतो, "गाडी इथंच राहू दे. तुम्ही चालत घरी जा, पोटही कमी होईल."

एक आवाज या सगळ्यांपेक्षा वेगळा. गाडी चालत असताना बारीक शिट्टी, आणि ब्रेक दाबला की ती बंद. ही बिघाडाची नव्हे, सूचनेची. पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅड झिजत झिजत ठरावीक पातळीला आला की ती पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि वाजायला लागते. गाडी बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते, चालवणाऱ्याने वैतागून गॅरेज गाठावं म्हणून. गॅरेजात तिला शिट्टीच म्हणतात.

शिट्टी वाजली की पॅड बदलायचा, हा नियम. पण गिऱ्हाइकाला घाई असते, हवा तो पॅड दुकानात नसतो, टॅक्सीवाल्याचा दिवस बुडत असतो. अशा वेळी लांब तोंडाच्या पकडीने ती पट्टी मागे वाकवून टाकायची. याला म्हणतात शिट्टी वाकवणं. चिडीचूपही ते करतो. फक्त प्रत्येकाला बजावतो, "आवाज गेलाय, झीज गेलेली नाही. पुढच्या आठवड्यात आला नाहीत तर मी घरी येईन." लोक हसतात आणि येतात.

ताईला मात्र त्याने हे बजावलं नाही.

ताई त्याची थोरली बहीण. त्याला कडेवर घेऊन फिरलेली, त्याच्या शाळेत आईच्या ऐवजी बोलणी खायला गेलेली. गाडी खरं म्हणजे भावोजींची. जुनी, चौकोनी तोंडाची, भावोजींनी नोकरीत असताना घेतलेली आणि पोटच्या पोरासारखी जपलेली. पुढे भावोजींची नजर गेली. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दर महिन्याला दवाखान्यात जावं लागतं. मुलगा कामाच्या गावी जाऊन-येऊन असतो. तेव्हा ताईने, बायका ज्या वयात गाडीच्या मागच्या सीटवर सरकतात त्या वयात, पुढच्या सीटवर बसायचं ठरवलं. शिकवलं धाकट्या भावाने, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. पहिल्या दिवशी तिने ब्रेक असा दाबला की भावाचं कपाळ काचेवर आपटलं. "पायात जोर आहे तुझ्या," तो कपाळ चोळत म्हणाला होता, "ब्रेकची चिंता नाही, क्लचची आहे."

मग ती सगळीकडे गाडीनेच जायला लागली. दवाखाना, बाजार, मैत्रिणी. भावोजी शेजारी बसून, दिसत नसताना, सूचना देत.

त्या दिवशी ती सकाळीच गॅरेजवर आली. खड्ड्यावर एक टॅक्सी होती, बाहेर दोन उभ्या होत्या आणि दोन्हींचे चालक घड्याळ बघत होते.

"धाकट्या, हिचं तोंड बंद कर आधी," ती खिडकीतूनच म्हणाली. "दवाखान्याचा वॉचमन म्हणतो, काकू, तुमची शिट्टी ऐकूनच मी फाटक उघडतो."

"दाबल्यावर वाजते?"

"नाही, दाबला की गप्प. अगदी तुझ्यासारखी. दटावलं की बंद."

टॅक्सीवाले हसले. तोही हसला. चक्कर मारायला वेळ नव्हता. त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलं, गुडघ्यावर बसून चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. पॅड दिसला. चांगला जाड होता. मग शिट्टी कशाला वाजतेय? खडीबिडी लागून पट्टी आत वाकली असेल, असं त्याने मनाशी ठरवलं, मागच्या बाजूने पक्कड घातली आणि पट्टी बाजूला केली. चाक काढलं नाही.

"जा," त्याने गाडीच्या छतावर थाप मारली. "आता वर्षभर माझं तोंड बघायला नको."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक चाकाच्या डिस्कला दोन पॅड असतात. चिमटीत धरावं तसे ते डिस्कला दोन्हीकडून धरतात. बाहेरचा चाकाच्या फटीतून दिसतो. आतला दिसत नाही. ज्या पिनेवर ही चिमटी सरकते ती पिन गंजून अडकली की बाहेरचा पॅड नुसता उभा राहतो आणि सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर पडतं. बाहेरचा नव्यासारखा, आतला संपत आलेला, असं मग होतं. शिट्टी असते ती आतल्या पॅडला.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तोच गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता: "बाहेरचा पॅड बघून निकाल देणारा मेकॅनिक आणि फोटो बघून लग्नाला उभा राहणारा मुलगा, दोघं एकाच जातीचे." अनोळखी माणसाची गाडी असती तर चाक निघालं असतं. सख्ख्या बहिणीची होती, म्हणून निघालं नाही. घरचं काम म्हणजे दोन कामांच्या मधलं काम. ते सवडीने होतं, चहाच्या घोटासोबत होतं, आणि त्यात कुणी चूक काढत नाही.

पुढे एकदा ताईचा फोन आला. तो खड्ड्यात होता, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला.

"जरा घरघरते रे आताशा."

"ताई, ती आणि भावोजी एका वयाचे. दोघंही घरघरणारच."

ताईला इतकं हसू आलं की तिने तिथूनच भावोजींना ते ओरडून सांगितलं. भावोजींचं उत्तरही फोनवर ऐकू आलं: "मेव्हण्यांना म्हणावं, माझे पॅड आधी बदला." फोन ठेवताना तो म्हणाला, "ये केव्हातरी." ती केव्हातरी येणार होती. भावाने एकदा बघितलंय म्हटल्यावर घाई कसली?

डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकाकडे रस्ता उताराने जातो. त्या महिन्याच्या इंजेक्शनला जाताना उताराच्या टोकाशी एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात आली. ताईने ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायच्या ऐवजी एका अंगाला ओढली गेली, लोखंड घासल्याचा आवाज करत पुढे गेली आणि फाटकाच्या दगडी खांबावर आदळली. बाबागाडीला धक्काही लागला नाही. ताईच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला. भावोजींनी पुढे हात टेकला होता. त्यांचं मनगट मोडलं. वॉचमनने दोघांना हाताला धरून आत नेलं. दवाखाना समोरच होता, तेवढं बरं, असं नंतर प्रत्येकजण म्हणाला.

गाडी दोराने ओढून चिडीचूपच्या गॅरेजवर आणली. त्याने पुढचं चाक काढलं.

बाहेरचा पॅड जाडजूड होता. आतल्या पॅडचा नुसता पाठीमागचा पत्रा उरला होता आणि त्याने डिस्कवर नांगरल्यासारख्या चऱ्या पाडल्या होत्या. पिन हातोडी मारल्यावर हलली. पॅडच्या कडेला बाजूला वाकवलेली पट्टी तशीच होती, तिच्यावर पकडीच्या दातांच्या खुणा. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. शेवटी बोळातून कुणीतरी हाक मारली, तेव्हा तो उठला आणि पॅड फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फेकणं जमलं नाही एवढंच.

संध्याकाळी भाचा आला. आईबापांना घरी सोडून आलेला, डोळे तारवटलेले.

"मामा, ब्रेक ठीक होते ना?"

"ब्रेक लागत होता," तो म्हणाला.

या वाक्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या चाकाचा ब्रेक लागत होता.

"म्हणजे आईचाच पाय," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मला वाटलंच. घाबरली असेल, दुसऱ्याच पेडलवर पाय पडला असेल. बाबा म्हणतात तिने दाबला, पण बाबा काय, तिची बाजू घेणारच. मामा, तू तिचा लाडका. तूच सांग तिला, आता पुरे म्हणून."

"बघू," तो म्हणाला.

त्याने गाडी दुरुस्त केली. दोन्ही बाजूंचे पॅड, दोन्ही डिस्क, नव्या पिना. कधी नव्हे ते काम त्याने तोंडातून शब्द न काढता केलं. टॅक्सीवाल्यांनी विचारलं, "काय हो, तुमचीच शिट्टी कुणी वाकवली?" तेव्हा तो उठून बाहेर गेला.

किल्ली भाच्याने स्वतःकडे ठेवली. गाडी विकायचं ठरलं. घेणारा माणूस बघून गेला, परत येतो म्हणाला. या सगळ्यात चिडीचूप ताईकडे गेला नाही. फोन करायचा, मनगटाची चौकशी करायचा, आणि काम आहे सांगून ठेवून द्यायचा. बायको म्हणाली, "बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि तुम्ही परदेशात असल्यासारखे फोन काय करता?" तो तिच्यावर ओरडला. मग ओरडल्याबद्दल वाईट वाटून भांडी घासायला उभा राहिला. बायकोने त्याच्याकडे निरखून बघितलं.

शेवटी भाच्याचाच निरोप आला: घेणारा माणूस उद्या येतोय, कागद ताईच्या कपाटात आहेत, तेवढे घेऊन ठेव. तो दुपारी गेला.

भावोजी खिडकीशी बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"या मेव्हणे. जिवंत आहात म्हणायचे."

"कामं होती."

"असणारच. सगळं जग ब्रेक लावत सुटलंय."

ताईने चहा आणला. ती बारीक दिसत होती. इंजेक्शनची तारीख चुकली होती, असं भावोजींनीच सांगितलं. टॅक्सी वेळेवर आली नाही, आली तेव्हा दवाखान्यातली यादी संपली होती.

"परवा परत जायचंय," ताई म्हणाली. "तोवर काही बिघडत नाही म्हणे." मग कपबशीकडे बघत म्हणाली, "धाकट्या, एक विचारू? माणसाला वाटतं आपण पाय दाबला, आणि प्रत्यक्षात दाबलेलाच नसतो, असं होतं का रे? पोरगा म्हणतो, वय झालं की होतं."

"मी किती वेळा सांगितलं," भावोजी मध्येच म्हणाले. "तुझा पाय खाली आपटलेला मी ऐकला. तुझ्या तोंडून आई गं निघालं तेही ऐकलं."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"ऐकायला डोळे लागतात का?"

"मला आठवतं दाबल्याचं," ताई भावाला म्हणाली. "पण आता वाटतं, आठवतं ते मीच नंतर रचलं असेल. काल गॅस बंद केला की नाही ते तीनदा उठून बघितलं. बंद होता. तिन्ही वेळा बंद होता."

त्याने कप खाली ठेवला.

"ताई, तुझा पाय बरोबर होता."

"समजूत नको काढू."

"समजूत नाही. ब्रेकच नव्हता त्या चाकाला. आतला पॅड संपलेला होता. तू आवाज घेऊन आलीस तेव्हाच संपत आला होता. आवाज त्याचाच होता. मी चाक काढलं नाही. बाहेरून बघितलं आणि शिट्टी वाकवली."

ताईला कळलं नाही. "वाकवली म्हणजे काय केलंस?"

त्याने सांगितलं. बशीची डिस्क केली, दोन बिस्किटांचे पॅड केले, चमचा पट्टी म्हणून धरला. गिऱ्हाइकाला सांगताना तो असंच सांगतो आणि एरवी गिऱ्हाईक हसतं. इथे कुणी हसलं नाही. भावोजी मान किंचित तिरपी करून, कडेच्या नजरेने त्याच्याकडे बघत होते.

"गाडी घरघरते म्हणून मी फोन केला, तेव्हा तुला कळलं होतं?"

"नाही. कळायला हवं होतं. मी तेव्हा विनोद केला."

"आणि गाडी उघडलीस तेव्हा?"

"तेव्हा कळलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

ताई उठली. खिडकीशी गेली, परत आली, बसली नाही.

"ब्रेकचं मी समजू शकते," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं. तू घाईत होतास, मीही तुला घाई केली. पण मी इथं या खुर्चीत बसून रोज फरशीवर पाय दाबून बघत होते, जोर उरलाय का म्हणून. यांना आंघोळीला नेताना भिंतीला धरून चालत होते, आपण पाडू की काय म्हणून. आणि तुला माहीत होतं. दोन गल्ल्या पलीकडे बसून तुला माहीत होतं."

"धीर झाला नाही."

"मला म्हातारी ठरवायला झाला की."

भावोजी काहीतरी बोलणार होते. ताईने हाताने त्यांना थांबवलं, आणि त्यांना तो हात नेमका दिसला.

"फोन लाव," ती भावाला म्हणाली. "पोराला. माझ्यासमोर सांग. मोठ्याने, यांनाही ऐकू दे."

त्याने फोन लावला आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी बशीशिवाय. पलीकडून भाचा म्हणाला, "मामा, मी तुला विचारलं होतं."

"हो."

"सरळ विचारलं होतं."

"हो."

ताईने फोन हातातून घेतला. "त्या माणसाला येऊ नको म्हणावं. आणि किल्ली घेऊन ये. उद्या नाही, आज." फोन बंद करून तिने तो भावाच्या हातात दिला. "गाडी मी दुसऱ्याकडे दाखवून घेणार आहे. तू केलंयस ते नीट आहे की नाही."

"दाखव. दोन्ही चाकं काढायला लाव."

"ते आता मला कळतं."

"परवा मी येऊ बरोबर? पहिल्यांदाच उतरणार आहेस तो उतार."

"नको. तू शेजारी बसलास की मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल."

कागद कपाटातच राहिले. तो निघताना भावोजी दारापर्यंत आले. "मेव्हणे," ते हळू आवाजात म्हणाले, "बोललात हे बरं केलंत." मग म्हणाले, "उशीर केलात हे वाईट केलंत." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या मेकॅनिकने दोन्ही चाकं काढून बघितली. काम चोख आहे, असं तो म्हणाल्याचं टॅक्सीवाल्यांकडून चिडीचूपच्या कानावर आलं. त्याला त्याचा आनंद झाला नाही. टॅक्सीवाल्यांना सगळी हकीकत कळली होती. त्यांनी त्यावर विनोद केला नाही, हे त्याला जास्त लागलं.

ताईच्या दवाखान्याच्या दिवशी त्याने गॅरेज उशिरा उघडायचं ठरवलं आणि चालत दवाखान्याच्या रस्त्याला गेला. उताराच्या टोकाशी, रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. फाटकाच्या खांबावर टवका उडालेली जागा अजून पांढरी दिसत होती. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, काही नाही, वाट बघतोय.

गाडी वरून येताना दिसली. हळू येत होती, पण घाबरत नव्हती. त्याने नकळत कान दिला. उताराच्या मध्यावर ताईने ब्रेकवर पाय ठेवला, गाडी सरळ रेषेत मंदावली आणि फाटकाशी येऊन थांबली. कसलाही आवाज आला नाही. वॉचमनने वाकून खिडकीत काहीतरी म्हटलं. आत भावोजी हसले.

फाटक उघडेपर्यंत गाडी तिथं उभी होती. ताईने आरशात बघितलं, मग मान वळवून रस्त्याच्या पलीकडे बघितलं. त्याने हात वर केला.

भावोजींनी हात हलवला नाही. त्यांना तो दिसला नसेल. ताईनेही हलवला नाही. तिला तो दिसला होता.